खेळ कागदावर मावत नाही

खान्देशातल्या गावच्या यात्रेत दिवस कलला की तगतराव निघतो. सजवलेला उंच गाडा, पुढे वाजंत्री, आणि गाड्यावर रात्री ज्यांचा तमाशा व्हायचा त्या फडातली कलावंत मंडळी. गाडा गल्लीगल्लीतून फिरतो. बायाबापड्या ओट्यांवर नि धाब्यांवर येऊन उभ्या राहतात, पोरं मागून धावतात. मग रात्री उशिरा पटांगणात ढोलकी कडाडते आणि गण सुरू होतो. जळगाव-धुळ्याकडच्या वर्तमानपत्रांत यात्रेच्या बातमीला एक ठरलेली ओळ असते: दिवसा तगतरावाची मिरवणूक, रात्री लोकनाट्य.

नाटकाच्या अभ्यासकाला इथे पहिलाच प्रश्न पडतो. खेळ सुरू कधी झाला? गण, गवळण, बतावणी, वग ही तमाशाची रचना पुस्तकांत सांगितलेली असते आणि ती खरीच आहे. पण गण म्हणायच्या कितीतरी आधी गावाने कलावंतांना पाहिलेलं असतं, कलावंतांनी गाव पाहिलेलं असतं, आणि रात्री सोंगाड्याने कोणत्या आळीची टोपी उडवायची याचा अंदाजही त्याला आलेला असतो. वगाची हस्तलिखित वही एखाद्या फडमालकाच्या घरी मिळाली, तरी तिच्यात तगतराव नसतो. म्हणजे केवळ वहीवरून त्या रात्रीचा इतिहास लिहिला, तर त्यातला निम्मा खेळ हरवलेला असेल.

गेल्या शंभर वर्षांत रंगभूमीच्या अभ्यासाने जगभर ज्या वाटेने प्रवास केला, ती वाट याच प्रश्नावरून जाते. पूर्वी नाटकाचा अभ्यास हे भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांचं काम होतं. नाटक म्हणजे छापलेली संहिता. तिच्यातलं कथानक, पात्रं, संवाद आणि रस यांची चर्चा झाली की अभ्यास झाला. बर्लिनच्या माक्स हेरमान यांनी याविरुद्ध आग्रह धरला की प्रयोग ही स्वतंत्र घटना आहे, नट आणि प्रेक्षक एका जागी एकत्र आल्याशिवाय ती घडत नाही, म्हणून तिचा अभ्यासही स्वतंत्रपणेच व्हायला हवा. १९२३ साली बर्लिन विद्यापीठात त्यांनी नाट्यविद्येची संस्था उभी केली. ते ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांचं पद गेलं आणि १९४२ मध्ये टेरेझिनश्टाटच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा विचार मात्र टिकला. पुढे अमेरिकेत रिचर्ड शेक्नर या दिग्दर्शक-अभ्यासकाने मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या साथीने ही वाट आणखी रुंद केली. सण, विधी, मिरवणुका, खेळ, खटले, सभा, जिथे म्हणून माणसं ठरलेली कृती पुन्हा पुन्हा लोकांसमोर करतात, ते सगळं ‘प्रयोग’ या नजरेने पाहता येतं, असं त्यांनी मांडलं. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० मध्ये या विषयाचा वेगळा विभागच झाला. या विचाराला मोठा आधार भारतातूनच मिळाला होता. वाराणसीजवळच्या रामनगरची रामलीला शेक्नर यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली. महिनाभर चालणारा, गावभर पसरलेला, प्रेक्षकांनी एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगाकडे चालत जायचा तो खेळ कोणत्याही नाट्यगृहात बसणारा नव्हता.

आपल्याकडे मराठी रंगभूमीचा जन्म ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत धरतात. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’चा तो दिवस. तिथून नाटक मंडळ्या, संगीत नाटक, पुण्या-मुंबईची नाट्यगृहं, असा इतिहास पुढे सरकतो. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचं ‘मराठी रंगभूमि’ हे पुस्तक १९०३ सालचं. इतक्या लवकर आपल्या रंगभूमीचा इतिहास लिहिला गेला याचा अभिमान वाटतो. पण हा सगळा इतिहास छापील कागदाच्या आधाराने उभा आहे, आणि कागदाचा न्याय वेगळा असतो. महात्मा फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ घ्या. फुल्यांनी ते १८५५ मध्ये लिहिलं, दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं, रंगमंचावर ते आलंच नाही. तब्बल सव्वाशे वर्षांनी, १९७९ मध्ये ते छापून पुढे आलं आणि इतिहासात त्याला त्याची हक्काची जागा मिळाली. ते योग्यच झालं. पण त्याच सव्वाशे वर्षांत ज्या हजारो रात्री गावोगाव खेळ झाले आणि ज्यांचा कागद उरला नाही, त्यांना अशी जागा मिळायला काय करावं लागेल? प्रयोग न झालेली संहिता इतिहासात येऊ शकते; संहिता नसलेला प्रयोग कसा येणार?

खान्देशच्या रंगभूमीचा हाच मुख्य प्रश्न आहे, आणि म्हणूनच हा प्रदेश अभ्यासकासाठी फार मोलाचा आहे असं मला वाटतं.

खान्देश म्हणताना कोणता भूभाग डोळ्यांसमोर ठेवायचा, हेही सांगायला हवं. इंग्रजी अमदानीतला खान्देश जिल्हा प्रचंड मोठा होता. १८६९ मध्ये बागलाण, मालेगावकडचा भाग नाशिकला जोडला गेला. १९०६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. बोली मात्र या रेघा पाळत नाहीत. पश्चिमेला अहिराणी, जळगावकडे तावडी आणि लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिलीची रूपं. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशी ही भिल्ल भाषांच्या खंडात घातलेली आहे, आणि त्याच खंडात बहुरूप्यांच्या बोलीचीही नोंद आहे. सोंगं घेऊन पोट भरणाऱ्या लोकांची भाषा सरकारी सर्वेक्षणात आली, त्यांच्या सोंगांची मात्र तशी नोंद कुणी केली नाही.

ती नोंद करणारे लोक पुढे या मातीतूनच निघाले. सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे यांनी अहिराणी लोकसंस्कृतीवर आणि भोवाड्यावर लिहिलं. बडोद्याच्या भाषा संशोधन केंद्राच्या आधाराने ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवलं. भोवाडा हा मुखवट्यांचा खेळ. इतरत्र त्याला बोहाडा किंवा आखाडी म्हणतात. रात्रभर एकामागून एक सोंगं येतात: गणपती, सरस्वती, देवी, दैत्य. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, वाद्याचा ठेका वेगळा. सोंग येतं, प्रेक्षकांच्या मधल्या मोकळ्या वाटेने नाचत पुढे-मागे फेऱ्या घालतं आणि निघून जातं. पाश्चात्त्य नाटकाच्या मापाने मोजायला गेलं तर इथे सलग कथानक जवळजवळ नाही, संवाद तुटपुंजे, पात्राचा स्वभाव उलगडत नाही. संहितेचा अभ्यासक इथे रिकाम्या हाताने परततो. पण वेगळे प्रश्न विचारून पाहा. कोणता मुखवटा कोणत्या घराने आणायचा? तो वर्षभर कुठे ठेवलेला असतो? त्याची पूजा कोण करतं? तो चेहऱ्यावर चढवल्यावर माणूस पायाचा पहिला ठेका कसा घेतो, जड मुखवट्याचा तोल मानेने कसा सांभाळतो? सोंगांचे मान घराण्यांकडे चालत आलेले असतात. म्हणजे इथे भूमिका वाटपाचं काम दिग्दर्शकाकडे नसून गावच्या रचनेकडे आहे. भोवाडा पाहताना आपण त्या गावातल्या नात्यांचा नकाशाच पाहत असतो.

बारागाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. चैत्र-वैशाखात, अक्षय तृतीयेच्या सुमारास, जळगाव-धुळ्याकडच्या अनेक गावांत एकामागे एक बारा बैलगाड्या बांधतात. गाड्यांत माणसं खच्चून भरतात. उपास धरलेला, हळदीने माखलेला भगत पुढे उभा राहतो, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे बगले असतात. देवाचा जयघोष होतो आणि बारा गाड्यांची ती रांग हलते. नाट्यगृहात आपण प्रेक्षकाला खेळाच्या बाहेर, अंधारात बसवतो. इथे गाड्यांत बसलेला प्रेक्षक हाच त्या खेळाचं वजन आहे. तो बसला नाही तर भगताने ओढायचं काय? नट आणि प्रेक्षक एकत्र आल्याशिवाय प्रयोग नाही, हा हेरमान यांचा सिद्धान्त इतक्या उघडपणे सिद्ध करणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. या खेळात अपघातही होतात, माणसं चाकाखाली येतात. त्यामुळे त्याकडे केवळ कौतुकाने पाहून चालत नाही. धोका पत्करणं हा त्या प्रयोगाचा भाग का आहे, गावाला तो का लागतो, हे अभ्यासकाने विचारायचंच असतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळून पाहावासा वाटतो तो कानबाईचा उत्सव. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवीचं रूप देतात, दागिने घालतात, चौरंगावर मांडतात. भाऊबंदकीतले सगळे एका घरी जमतात. पुरणपोळी आणि रोटांसाठी लागणारे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येच्या हिशेबाने मोजून घेतात. गेल्या वर्षभरात मुंबईला किंवा पुण्याला जाऊन स्थिरावलेला भाऊसुद्धा त्या मोजणीत असतो. रात्रभर बाया अहिराणीत गाणी म्हणतात. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते, फुगड्या रंगतात आणि नदीवर विसर्जन होतं. यात तिकीट नाही, रंगमंच नाही, लेखक नाही. पण आखणी किती काटेकोर आहे ते पाहा. कोण कुठे बसायचं, चौरंग कुणी उचलायचा, रोट कुणी खायचे आणि कुणी नाही, कोणत्या वेळी कोणतं गाणं. एखादी म्हातारी गाणं सुरू करते आणि बाकीच्या उचलून धरतात. शब्द विसरले तर दुसरी पुरवते. पाठांतराची, तालमीची आणि प्रयोगाची सगळी व्यवस्था तिथे आहे, फक्त ती घरात आहे आणि बायकांच्या हातात आहे. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात बाईचा प्रवेश कधी झाला, याची चर्चा नेहमी नाट्यगृहाच्या दारापासून सुरू होते. माजघरात तिचा खेळ किती आधीपासून चालू होता, हे कुणी मोजत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्याबरोबर त्यांनी गाणी रचली ती तोंडी. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ती ऐकून उतरवून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आपण त्यांना कवयित्री म्हणून वाचतो आणि ते यथार्थच आहे. तरी प्रयोगाच्या अभ्यासकाने एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: या शब्दांना जात्याची घरघर किती साथ देत होती? ओळ संपताना हात कुठे पोचत होता? ओळींची लांबी, मध्येच येणारी पुनरुक्ती यांचा त्या फिरणाऱ्या हाताशी काय संबंध? शाळेत ही गाणी बाकावर बसून, एका जागी, एका सुरात म्हणवून घेतात. मूळ प्रयोगातलं श्रम करणारं शरीर तेवढं गळून पडलं आहे.

कागद आणि प्रयोग यांतला हा ताण समजून घ्यायला धुळ्याइतकं योग्य गाव नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि काही दिवसांतच, ९ जानेवारी १९२७ ला, तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरले. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, रद्दीतून त्यांनी दप्तरं गोळा केली. याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवली आणि ती समर्थ वाग्देवता मंदिरात जपली गेली. एका जिल्ह्याच्या गावाने मराठी इतिहासाचा एवढा कागद सांभाळला, ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

तीच राजवाड्यांची चिकाटी आता फडांच्या कागदांसाठी लागणार आहे. तमाशाचा कागद अगदीच नसतो असं नाही. तो असतो, पण कुणी तो ‘दस्तऐवज’ मानलेला नाही. वगांच्या वह्या, हँडबिलं, यात्रा कमिटीशी केलेले सुपारीचे करार, राहुटीवरच्या बुकिंगच्या नोंदी, ट्रकच्या भाड्याच्या पावत्या, उचल घेतलेल्या कलावंतांचे हिशेब. कोणत्या गावाने कोणत्या साली किती बिदागी दिली, हे कळलं तर कापसाच्या भावाशी तमाशाचं नातं जोडता येईल. खान्देशात यात्रेचा पैसा शेवटी शेतातूनच येतो. दुष्काळी वर्षी फडाला सुपारी मिळत नाही, हे फडातला प्रत्येक माणूस सांगतो. फडांच्या नावांमागे सांगवीकर, जळगावकर, धुळेकर अशी गावांची नावं मोठ्या अक्षरांत रंगवलेली असतात. त्या गावांतल्या घरांच्या माळ्यांवर अजून काहीतरी सापडेल, पण फार वर्षं नाही.

तमाशावर विद्यापीठीय काम झालंय, आणि दमदार झालंय. वि. कृ. जोशींनी ‘लोकनाट्याची परंपरा’ लिहून मराठीत पाया घातला. तेव्हिया एब्रम्स या परदेशी अभ्यासकाने १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठात तमाशावर प्रबंध सादर केला. पण विषयाला खरी कलाटणी दिली ती शर्मिला रेगे यांनी. लावणी नाचणाऱ्या बाईच्या देहावर जात आणि पैसा यांची सत्ता कशी चालते, मध्यमवर्गाने तमाशा ‘स्वच्छ’ करून घेताना मूळ कलावंतांना कसं बाजूला सारलं, हे त्यांनी १९९०च्या दशकात मांडलं. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या त्यांच्या पुस्तकात ‘अश्लील’, ‘माणुसकी’ आणि ‘अस्सल’ या तीन कल्पनांभोवती दलित तमाशा कलावंत स्त्रियांचा इतिहास उभा केला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर सुधारणेच्या अटी घालून ती उठवली, हा प्रसंग या अभ्यासांच्या उजेडात वाचला की त्यातला दुटप्पीपणा लख्ख दिसतो. ज्या समाजाने त्या बाईला नाचायला लावलं, तोच तिला शील शिकवायला बसला.

हे वाचून मग तगतरावाकडे पुन्हा पाहावं. गाड्यावर उंच उभ्या असलेल्या बाईकडे सगळं गाव बघतं आहे. ती त्या गावातल्या किती घरांच्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकते? सौंदर्य ठरवतं कोण, आणि कुणाच्या जिवावर? धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून हाच प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला होता. सौंदर्यशास्त्र जातीव्यवस्थेच्या बाहेर, हवेत उभं नसतं, हा त्यांचा मुद्दा प्रयोगकलांना तर जास्तच लागू पडतो, कारण इथे कलावंताला स्वतःचं शरीर लपवता येत नाही. लेखक पुस्तकामागे राहू शकतो. नाचणारी बाई कशामागे राहणार?

स्त्रीदेहाचा हा प्रश्न दुसऱ्या टोकाने जळगावातच भेटतो. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८ चा, मूळ गाव सांगलीकडचं नागठाणे; पण बालपणी ते जळगावात होते आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथे मेहबूबखान यांच्याकडे घेतले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. त्यांच्या लुगडं नेसण्याच्या, केस बांधण्याच्या पद्धतीचं अनुकरण घरंदाज बायका करत होत्या. ज्या काळात खऱ्या बाईने रंगमंचावर उभं राहणं बदनामीचं होतं, त्या काळात आदर्श बाई कशी दिसते हे एका पुरुषाने ठरवलं! कॅथरिन हॅन्सन, मीरा कोसंबी, उर्मिला भिरडीकर यांसारख्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत या कोड्यावर बारकाईने लिहिलं आहे. बालगंधर्वांचं गुणगान करणारी पुस्तकं मराठीत भरपूर आहेत. या अभ्यासकांनी त्यांच्या मोहिनीला धक्का न लावता ती कशी घडली हे विचारलं.

आणि इथे पुराव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बालगंधर्वांच्या संहिता छापील आहेत, छायाचित्रं आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत. तरी प्रयोग हातात येतो का? त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. रंगमंचावर मात्र एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळत, पद रंगत रंगत जाई, नाटक पहाटेपर्यंत चाले. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष अशी साथ. प्रेक्षकाच्या हाकेवर गाणं पुन्हा कसं वळत होतं, दुसऱ्यांदा म्हणताना काय बदलत होतं, हे तबकडीत नाही. आपण ज्याला बालगंधर्वांचं गाणं म्हणून ऐकतो, ते प्रेक्षक वजा केलेलं गाणं आहे. जळगावात दरवर्षी जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. तिथे एखाद्या पदाला दाद मिळून गायक ते पुन्हा उचलतो, तेव्हा त्या हरवलेल्या गोष्टीची थोडी चुणूक मिळते. तबकडीपेक्षा तो क्षण अभ्यासकाला जास्त शिकवून जाईल.

आजच्या हौशी रंगभूमीचीही हीच अवस्था आहे, फक्त ती आपल्या डोळ्यांसमोर घडते म्हणून लक्षात येत नाही. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते. पुण्यात १९६३ मध्ये सुरू झालेला पुरुषोत्तम करंडक आता जळगाव केंद्रावरही रंगतो. या स्पर्धांसाठी गावोगावची मंडळी नोकरी-धंदा सांभाळून महिना-दोन महिने रात्री तालमी करतात. नेपथ्य घरच्या लाकडाचं, कपडे मागून आणलेले. स्पर्धेतली कितीतरी नाटकं एकदाच होतात. एका संध्याकाळी तिसरी घंटा होते, दोन तासांत सगळं संपतं, आणि रात्रीच टेम्पोत सामान भरून मंडळी परततात. मागे उरते ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी दिलेली संहिता, वर्तमानपत्रातली आठ-दहा ओळींची बातमी, आणि मोबाइलमधले फोटो. प्रकाशयोजनेचा कागद कुणी ठेवत नाही, पार्श्वसंगीताची फाइल फोन बदलला की जाते. खान्देशातल्या बोली रंगमंचावर कशा उभ्या राहिल्या, कोणत्या नटाने अहिराणीचा हेल कसा वापरला, परीक्षकांनी तो ऐकून काय म्हटलं, हे पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

स्पर्धेबाहेर सातत्याने काम करणाऱ्या संस्था कमी असतात. जळगावच्या ‘परिवर्तन’ने अभिवाचन महोत्सव, ‘नली’सारखं एकलनाट्य, ‘अमृता, साहिर, इमरोज’सारखा प्रयोग यांतून स्वतःचा प्रेक्षक घडवला. अशा संस्थेकडे एकाच प्रयोगाच्या अनेक आवृत्त्या असतात: गावातल्या शाळेतली, शहरातल्या नाट्यगृहातली, परगावच्या दौऱ्यातली. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने यांपैकी एकाच नाटकाचे पाच वेगवेगळ्या जागी झालेले प्रयोग पाहून फरक लिहून काढले, तरी तो प्रबंधाच्या तोलाचा ऐवज होईल. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जायची गरज नाही.

जायचंच असेल तर उलट्या दिशेने, सुरतेला जावं. पोटापाण्यासाठी खान्देशातून निघालेली लाखो माणसं उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहतात. कापड गिरण्यांच्या, यंत्रमागांच्या त्या वस्त्यांत श्रावणात कानबाई बसते. भाऊबंदकी गावाकडे असते, म्हणून शेजारी आणि एका गावचे लोक ती जागा भरून काढतात. अंगणाऐवजी सोसायटीची गल्ली, ओव्यांच्या जोडीला डीजे. नदी मात्र तापीच. मूळ उत्सव ‘बिघडला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तसं वाटत नाही. परक्या शहरात रोटाच्या गव्हाची मोजणी करताना आपलं कोण आणि परकं कोण हे नव्याने ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हाच तिथला खरा प्रयोग आहे.

मालेगावात गरिबीतून उभ्या राहिलेल्या चित्रपटांच्या धंद्याने ‘खान्देशी’ विनोदाची एक वेगळीच ओळख देशभर नेली आहे. अहिराणी गाणी लग्नांतून यूट्यूबवर आणि यूट्यूबवरून पुन्हा लग्नांत फिरत आहेत. कानबाईची गाणी, वहीगायन या लोकगायनप्रकाराचे तुकडे, बारागाड्यांचे आणि तगतरावाचे व्हिडिओ रोज कुणीतरी चढवतं. कागद नव्हता म्हणून रडणाऱ्या अभ्यासकापुढे आता चित्रांचा ढीग पडला आहे. पण त्यातल्या बहुतेकांखाली गावाचं नाव नाही, साल नाही, कोण गातंय ते नाही, कुणाच्या दारात गातंय ते नाही. गाणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्याजवळ बसून, व्हिडिओ पुन्हा लावून, एकेक नाव आणि एकेक जागा विचारून घ्यायची, असं हे काम आहे. आणि खान्देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या मराठीच्या वर्गाला ते येत्या श्रावणापासून सुरू करता येईल.